वाजणारं दार

पाईन म्हणजे खोक्याचं लाकूड, असं आमच्या पालममध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलंय. खिळा मारला की फाटतं, ऊन लागलं की फाटतं, आणि बाईनं रंधा मारला तर विचारूच नका. मी सुताराची लेक. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद करायचं घाटत होतं. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे द्या. वडील म्हणाले, "पयलं काम कसं होतंय ते बघू."

ते काम राणीसावरगावच्या एका शिक्षिकेचं होतं. स्वयंपाकघरातल्या कपाटाला चार दारं, पाईनचीच, पण चौकटीतली फळी मध्यभागी उठावाची आणि तिच्या चारी कडा उतरत्या. चुलते हसले. त्या हसण्याचा मला असा राग आला की मनगटावरचे केस निघतील इतकी धार येईपर्यंत रंध्याचं पातं घासत बसले. कडा उतरवताना आधी आडव्या धाग्याच्या, म्हणजे लाकडाच्या रेषा जिथं कापल्या जातात त्या, बाजू घेतल्या. तिथं टोकाला टवका उडतोच. मग उभ्या बाजू रंधल्या की तो टवका आपोआप निघून जातो. फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवली, गोंद लावला नाही. पाईन पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्याला हलायला जागा नको का?

पण आमच्याकडे दार घेताना माणूस आधी ते गदागदा हलवून बघतो. आतली फळी वाजली की काम कच्चं. वडिलांनीही हलवलं.

"वाजायलंय की गं माय."

"वाजू द्या," मी म्हटलं.

दारं बसली. मे महिन्यात शिक्षिकेचा फोन आला, एक दार मधोमध फाटलं होतं. चुलते दुकानात येऊन म्हणाले, "मी म्हणलो नव्हतो का? दे आता कुलूप लावून." मी एसटीनं गेले, दार काढलं, जुन्या लुगड्यात गुंडाळून परत आणलं. चौकट उकलायला गेले तर उकलेना. खाच गोंदानं गच्च भरलेली होती.

मी ते दार वडिलांपुढे आपटलं. त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं.

"लोकं तुला हसतील म्हणून मीच गोंद भरलो," ते म्हणाले. "सागाला जन्मभर भरलो, कधी फाटलं न्हाई. चारीला भरणार होतो. हात लय थरथरला, एकावरच भागलं."

मला रडू आलं आणि रागही तेवढाच आला. माझं काम मला न विचारता सुधारायला कोणी सांगितलं होतं? तसं तोंडावर बोललेही. मग नवी फळी घेतली आणि पुन्हा पहिल्यासारखंच दार केलं, कोरड्या खाचेचं.

ते नेण्याआधी चुलत्यांनी हलवून पाहिलं. "आजून वाजायलंय," ते म्हणाले.

"वाजायलाच पायजे," वडील म्हणाले. "पयलं दार हिनं न्हाई, मी फाडलो." आणि कमरेची किल्ली सोडून त्यांनी माझ्या रंध्याशेजारी ठेवली.

आता गिऱ्हाईक दाराला हात लावायच्या आत मीच ते गदागदा हलवून दाखवते.