ढगाच्या उजेडात घेतलेला चार्जर

कापड उन्हात पाहून घेऊ नये, हे मी रायपूरच्या उभ्या पंडरी बाजाराला सांगत आलो, आणि स्वतः मात्र सोलर चार्जर भर उन्हात पाहून घेतला. तेव्हा हे मी कोणाजवळ कबूल केलं नव्हतं. आता लिहून राहिलो.

मी चौथी शिकलो. पण पंडरीत ठोक कापडाच्या दुकानात गादीवर बसून मी कापडाचे जेवढे थान, म्हणजे तागे, उलगडले, तेवढी पानं शिकलेल्यांनीही उलटली नसतील. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हाचे दिवस मला अजून दिसतात. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांच्या मागं बाबू आले, अन् सगळ्यांना एकदमच नव्या पँटा पाहिजे होत्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काळा आणि नेव्ही ब्लू एकच दिसतो. म्हणून मी थान काखेत घेऊन गिऱ्हाइकाला दारात न्यायचो. कडक ऊन असलं तर थांबवायचो. उन्हात कोणतंही कापड चकाकते. ढग आला की ते आपला खरा रंग सांगते. शेठ हसायचा, "ये भैया बादल देख के माल बेचता है." पण माझा माल परत यायचा नाही.

एकदाच आला, तो घरचाच. राजधानी झाल्यावरच्या एका संक्रांतीला बायकोनं काळी साडी घेतली. ब्लाउजपीस मी आणतो म्हटलं. दुकानात गर्दी, संध्याकाळ झालेली, ट्यूबलाइटखालीच कापून घेतला. शिंप्यानं ब्लाउज ऐन संक्रांतीला दिला. ती हळदीकुंकवाला दारात उभी राहिली तर साडी काळी आणि ब्लाउज निळा. दुसरा शिवून घे म्हटलं तर ऐकलं नाही. दर संक्रांतीला तोच घालायची आणि आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या बायांना सांगायची, "आमच्या घरच्या पारख्यानं आणला. पंडरीत लय नाव आहे त्याइचं."

आम्ही दोघांनी नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक प्लॉट घेतला होता. एक खोली, हातपंप आणि तिनं लावलेली लिंबूची सात झाडं. विजेचा खांब तिथवर आला नव्हता. ती गेली, त्याच्या पुढच्या वर्षी मी ठरवलं की पावसाळा तिथंच काढायचा. पावसात बुडाशी पाणी साचलं की लिंबू सडते. पाणी काढून द्यायला माणूस पाहिजे.

पोरगा ऑफिसात काम करतो, माझ्यासारखाच हट्टी. म्हणाला, "राहा. पण रोज दिवे लागायच्या वेळी मी फोन करीन. एक दिवस जरी बंद लागला तर तुम्हाले घेऊन येतो. मंग तो प्लॉट विकून टाकू."

"विकजो," मी म्हणालो. "पहिले फोन बंद तं लागू दे."

माझा फोन जुना, बॅटरी एका दिवसात बसायची. म्हणून चौकातल्या दुकानातून सोलर चार्जर घेतला. जेठ महिन्याचं ऊन होतं. दुकानदारानं तळहाताएवढी काळी पाटी रस्त्यावर धरली, लगेच लाल दिवा लागला. डब्यावर इंग्रजीत बरंच लिहिलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं आणि विचारायची सवय नव्हती. घेऊन आलो.

प्लॉटवर गेलो, चार दिवस छान गेले. मग आभाळ भरून आलं. फोनमध्ये होतं नव्हतं ते संपलं, आणि एका संध्याकाळी तो बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा गाडी घेऊन दारात उभा. ओरडला नाही, माझी पिशवी उचलली.

गाडीत मी एवढंच म्हणालो, "माल खराब निघाला."

"माल पाहूनच घेतला होता ना बाबा?"

मी चार्जर पिशवीत आणखी खाली खुपसला.

"पोळ्यानंतर प्लॉटले गिऱ्हाईक आणतो," तो म्हणाला. "तोवर परत जायचं असंल तं पाहा तुमचं काय ते."

घरी आल्यावर मी बायकोची पेटी उघडली. ढगाचा उजेड पारखायला काळ्या-निळ्या कापडाचे तुकडे पाहिजे होते. साडी फाडायची हिंमत नव्हती. पण तिनं चिंध्यांचं गाठोडं ठेवलं होतं. त्यात त्या काळ्या साडीच्या टोकाची एक पट्टी होती आणि माझ्या त्या ब्लाउजपीसचं कातरण. घरातल्या बल्बखाली दोन्ही काळेच दिसले. अंगणात नेले तर वेगळे. दोन्ही खिशात घातले आणि चौकातल्या त्याच दुकानात गेलो.

"बादल में चलने वाला दिखाओ."

"काका, अभी धूप है, चेक कर लो."

"धूप में नहीं देखना. बादल आने दो."

दोनदा परत आलो. ऊन हटेना. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, आभाळ राखुंडीसारखं. दुकानदार म्हणाला, "लो, आ गए मौसम विभाग." मी पायरीवर उभा राहून तळहातावर दोन्ही चिंध्या ठेवल्या. काळा काळा, निळा निळा. म्हणजे कापड दाखवता येईल एवढा उजेड होता. म्हटलं, "अब निकालो."

पहिली पाटी माझ्याच चार्जरची बहीण. दिवा लुकलुकला आणि विझला. दुसरी थोडी मोठी, तिचा दिवा लागे, जाई. तिसरी घडीची होती, चार घड्या. दुकानदार एकच घडी उघडून दाखवत होता. मी म्हटलं, पूरा खोलो. थान उलगडावं तशी उघडली. कापडाचा पन्हा लहान असला तर कितीही मापा, पँट होत नाही. इथं ऊन कमी, तर पन्हा मोठाच पाहिजे. चारही घड्या उघडल्या तेव्हा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

दुकानदार ती पाटी भिंतीला टेकवून तिचं तोंड सूर्याकडे करायला लागला. "सूरज है किधर?" मी विचारलं. ढगात उजेड एका बाजूनं येत नाही, सगळ्या आभाळातून येतो. म्हणून कापडही आडवंच पसरून पाहायचं. पाटी पायरीवर आडवी ठेवली, दिवा आणखी ठळक झाला.

"काका, पहले क्या काम करते थे?"

"कपड़ा."

मग मी ते केलं जे कधी केलं नव्हतं. डबा त्याच्यासमोर धरला आणि म्हणालो, "इसमें लिखा क्या है, पढ़ के बताओ." तो हसला नाही. त्यानं वाचलं आणि एक कामाची गोष्ट सांगितली. ढग येतात जातात, त्यात फोन थेट लावला की चार्जिंग तुटत राहते. दिवसभर पॉवर बँक भरायची आणि संध्याकाळी तिच्यावरून फोन. तीही घेतली.

परत प्लॉटवर गेलो. श्रावणात असेही दिवस आले की दिवस वर आल्यावरही दोन्ही चिंध्या एकसारख्या दिसायच्या. त्या दिवशी पाटी काही देणार नाही हे मला सकाळीच कळायचं. मग फोन बंद ठेवायचो आणि दिवे लागायच्या आधी चालू करायचो. पॉवर बँक पूर्ण भरली असं कधी झालं नाही. पण संध्याकाळपुरतं रोज उरलं.

"काय करून राहिले?" पोरगा विचारायचा.

"पाणी काढून राहिलो."

"जेवले?"

"हव."

पोळा झाला. तिसऱ्या दिवशी तो आला, एकटाच. गिऱ्हाइकाबद्दल काही बोलला नाही. खोलीपुढं आडव्या पसरलेल्या पाटीला वळसा घालून झाडांकडे गेला, एकेका बुडाशी वाकून पाहिलं. सातही उभी होती. जाताना त्यानं पिशवीभर लिंबं तोडून नेली.

त्या संध्याकाळीही त्याचा फोन आला. मी फोनच्या बाजूलाच बसलो होतो. तीन घंट्या वाजू दिल्या आणि मग उचलला. वाट पाहून राहिलो होतो असं त्याला वाटायला नको.