थंडीसाठी मेणकापड

आमच्याकडे माणसाला पाऊस कळतो, थंडीतलं काही कळत नाही. पळसदरीच्या धरणावरून डिसेंबरात जरा वारा सुटला की आम्ही कानटोप्या घालून चहाच्या टपरीवर एकमेकांना ‘यंदा कडाका हाय’ असं सांगतो आणि दहाच्या उन्हात घामाघूम होऊन त्या काढतो. पण मेणकापड म्हणाल तर त्यात आमचा हात धरणारा कोणी नाही. मे संपत आला की खोपोलीच्या बाजारातून प्लॅस्टिकचे ताव आणायचे आणि पेंढा झाकायचा, लाकडं झाकायची, पडवीची पावसाकडची बाजू झाकायची. त्यात मी एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात जन्म काढलेला. ओलावा आत जाऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी मला पगार मिळायचा, आणि निवृत्तीनंतर ते काम मी घरी फुकटात चालू ठेवलं. आमच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे.

बायकोला बर्फातली खिंड चढायची होती. हे नवं नव्हतं. ती अंगणवाडी सेविका, डोंगरावरच्या वाडीत रोज चालत जायची आणि चालत यायची. मी बसने कारखान्यात जायचो. लग्न झाल्यापासून अधूनमधून तिच्या तोंडी हिमालय यायचा आणि मी दर वेळी तेच उत्तर द्यायचो, की तुला थंडी सोसायची नाही. पुरावा काय, तर पंखा. मी तो पाचवर ठेवायचो, ती दोनवर आणायची. एवढ्या पुराव्यावर मी तिला तीसेक वर्षं हिमालयाबाहेर ठेवलं.

यंदा ती निवृत्त झाली आणि मला न विचारता एका ट्रेकच्या गटात दोघांची नावं घालून आली. “तुमी नाय आलात तरी मी जानार हाय,” ती म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, म्हणून मी घाबरलो.

जाणं टळत नाही म्हटल्यावर मी झोपायच्या व्यवस्थेचा ताबा घेतला. बायकोला घेऊन मुंबईतल्या एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने स्लीपिंग बॅगच्या लेबलावरचे दोन आकडे दाखवले. पहिल्या आकड्यापर्यंतच्या थंडीत माणूस आरामात झोपतो, दुसऱ्यापर्यंत कसाबसा तग धरतो. दुसरा आकडा शून्याच्या बराच खाली होता आणि दिसायला भारदस्त होता, म्हणून मी त्यावर बोट ठेवलं.

“अवो, आपल्याला तिथं झोपायचंय, का निस्तं जगून यायचंय?” बायको म्हणाली.

तिने पहिला आकडा धरून पिसांच्या दोन बॅगा निवडल्या. मग तो माणूस म्हणाला की अंगाखाली पिसं दबतात आणि जमिनीची थंडी वर चढते, तेव्हा खाली जाड मॅट हवीच. मला ते शहरी लाड वाटले. बायकोला लगेच पटलं. वाडीवरच्या बाया पोरांच्या खाली आधी पेंढा घालतात आणि मग पांघरुणाचं बघतात, असं म्हणून तिने दोन मॅटा काखेत मारल्या. शेवटी त्या माणसाने सांगितलं की बॅगेला हवा लागू द्या, ती कोंडू नका. हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. ज्याने आमचा जुलै पाहिलेला नाही, त्याने मला ओलाव्याबद्दल शिकवावं हे मला पटलं नाही.

घरी येताच मी जाड मेणकापड आणून दोन्ही बॅगांना लांबच लांब खोळी केल्या. शिवणीतून पाणी शिरतं, म्हणून सुईदोऱ्याला हात न लावता इस्त्री फिरवून कडा चिकटवल्या आणि तोंडाशी नाडी घातली. चाचणीशिवाय माल बाहेर पाठवायचा नाही, ही खात्यातली सवय. एका खोळीत बॅग घातली, नाडी आवळली आणि धरणावर नेऊन पाण्यात ढकलली. ती बुडेना, म्हणून मी तिच्यावर बसलो. कपडे धुणाऱ्या एका बाईने विचारलं, “दादा, म्हस आनली का धुवायला?” मी बॅग काठाकडे ओढली. काठावर येऊन नाडी सोडली, तर आतली बॅग कोरडी ठणठणीत. मी ती बायकोला दाखवली.

“पन आपन तिथं पान्यात झोपनार हाय का?” तिने विचारलं. मला ते अडाणीपणाचं वाटलं.

हिमालयात पहिला मुक्काम नदीकाठी देवदारांच्या खाली होता. तिथून वरचा मुक्काम, आणि त्यानंतर तिची खिंड. तंबूत मी दोन्ही बॅगांना खोळी चढवल्या. “मला कोंडल्यावानी होतं, ही नको,” ती म्हणाली. मी म्हणालो, “मग थंडी वाजली की मला सांगू नकोस.” हे वाक्य मी संसारात इतक्यांदा वापरलंय की तिने पुढे वाद घातला नाही. ती गुमान आत शिरली आणि मी तिची नाडी स्वतःच्या हाताने ओढली.

सकाळी खोळींच्या आतून पाणी निथळत होतं. तोंडापाशी तर बर्फाचा चुरा जमला होता. आमच्याच अंगाची वाफ आणि आमचाच श्वास, बाहेर जायला वाट नाही म्हणून प्लॅस्टिकला लागून त्यांचं पाणी झालं आणि ते बॅगांत मुरलं. पिसांचे गोळे झाले होते. मी आयुष्यभर बाहेरून येणारं पाणी अडवलं. माणूस आतूनही ओला होतो, हे पॅकिंग खात्यात कळायचं काही कारण नव्हतं, कारण खोकी श्वास घेत नाहीत.

आमच्या गटाची म्होरकी तिथलीच, चाळिशीची, कमी बोलणारी बाई होती. ती रोज सकाळी प्रत्येकाची बॅग हाताने चाचपायची. आमच्या बॅगांवर हात ठेवून तिने तो पॅंटला पुसला. ओल्या बॅगेत मी कोणाला वरच्या मुक्कामाला नेणार नाही, असं तिने हिंदीत सांगितलं. जास्तीची कोरडी बॅग एकच होती. दोघांतल्या एकालाच वर जाता येणार होतं.

आता हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, “आम्ही दोघंही खाली जातो. हिला तशीही थंडी सोसत नाही.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने म्होरकीच्या हातातून कोरडी बॅग घेतली, आपली मॅट गुंडाळली, सॅक पाठीला लावली आणि दोन्ही खोळींची नीट घडी घालून ती माझ्या हातात दिली. “ह्या न्या,” ती म्हणाली. “खाली पाऊस आला तर लागतील.”

पायथ्याच्या तळावर दोन दिवस मी एका खडकावर बॅगा वाळत घालून बसलो. कुरडया उलथाव्यात तशा त्या दर तासाला उलटायच्या आणि बोटांनी पिसांचे गोळे फोडायचे, एवढंच काम. आकाश दोन्ही दिवस स्वच्छ होतं, पावसाचा थेंब नाही. येणारे-जाणारे थांबून विचारायचे की काय झालं, आणि मी रात्री दंव फार पडलं असं सांगायचो. बायकोची काळजी वाटत होती हे खरं. पण तिला वर काहीच झालं नाही तर, ही भीती त्याहून मोठी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती उतरून आली. नाक उन्हाने सोललेलं, ओठ फुटलेले, चाल मात्र अंगणवाडीला निघाल्यासारखी. तिने सॅक उतरवली आणि खडकावर माझ्याशेजारी, वाळलेल्या बॅगा सरकवून बसली. मी तिला चहा आणून दिला.

“गेलीस का वर?”

“गेले.”

“थंडी होती?”

“लई. दात वाजत व्हते.”

मला बरं वाटलं. “बघ, मी तुला म्हणतच होतो,” असं मी सुरू केलं. तिने चहाला फुंकर घातली आणि मला पुढे बोलू दिलं नाही.

“वाजली आनि सोसली,” ती म्हणाली. “सोसनार नाय म्हनून सांगायला तिथं कुनी नव्हतं.”