पँगाँगचा पलीकडचा किनारा

गेल्या रविवारी ईस्ट कोस्ट भागातल्या एका कॉन्डोच्या, म्हणजे निवासी सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये पँगाँग सरोवरावर आमचं व्याख्यान झालं. ‘आमचं’ म्हणजे माझं आणि लिनचं. आम्ही दोघी या परक्या देशातल्या युनिव्हर्सिटीत एकाच लॅबमध्ये पोस्टडॉक संशोधक... मी पुण्याची, ती चीनची.

या सरोवराची मोठी मौज आहे! पश्चिमेकडचं, लडाखमधलं पाणी खारट; पूर्वेकडचं, तिबेटमधलं गोडं. नद्या पूर्वेकडून पाणी आणतात, पण सरोवरातून बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, मीठ मागे उरतं...

हे नीट समजायचं तर दोन्ही किनारे बघायला हवेत. पण मधल्या सीमेवरून वाद आहे. माझ्या पासपोर्टवर पूर्व किनारा बंद, तिच्या पासपोर्टवर पश्चिम. लिन लेहपर्यंत आली होती, पण पुढचा परवाना तिला मिळाला नाही. मग पश्चिमेच्या पाण्याचे नमुने मी आणले, पूर्वेचे तिने.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी विनयदादा यांचा फोन आला. “तिला बोलू दे गं, पण शाल-श्रीफळ तुला एकटीलाच. चिनी बाईचा सत्कार केला, तर फोटो पुण्यापर्यंत फिरतील.”

“मग मलाही नको,” मी म्हटलं.

“फार हट्टी आहेस!”

आहेच.

व्याख्यान संपलं आणि साताऱ्याहून मुलीकडे आलेले मोरेकाका उठले. काका निवृत्त फौजी, पँगाँगला राहून आलेले.

“म्हणजे गोडं पाणी यांच्या बाजूला? आणि आम्ही तिकडं बर्फ वितळवून पीत होतो!”

मी भाषांतर केलं. लिन मनापासून हसली, मग काकाही.

तेवढ्यात विनयदादा शाल घेऊन माझ्याकडे वळले. मी हात जोडले आणि माईकवरूनच सांगितलं, “दोघींचा सत्कार करा, नाहीतर कुणाचाच नको.”

“शाल तर एकच आणलीय...” दादा पुटपुटले.

“मग पाहुणीला द्या की!” मोरेकाका म्हणाले. “घरच्या पोरीचा कसला सत्कार करताय, विनयराव?”

शाल लिनच्या खांद्यावर आली, नारळ तिच्या हातात. फोटोही निघाले... खुशाल फिरू देत.

मोरेकाका, तुमचे आभार. बाकीच्यांना नम्रपणे सांगते, पुढचं व्याख्यानही आम्ही दोघीच देणार. अर्धं सरोवर समजावून सांगणं मला जमणार नाही.