गाडीला अडणारी भिंत

गवंड्यानं आयुष्यभर लोकांची घरं बांधली आणि स्वतः पत्र्यात राहिला. हा त्याचा आळस नव्हता, कायदा होता. त्याच्या आजोबांच्या काळात सरकारनं तो राहायचा त्या जमिनीच्या पट्टीतून रेल्वे न्यायचं ठरवलं, तसा रीतसर कायदा केला आणि माती कापायला मजूर आणून बसवले. माती कापून झाली. पुढे पैसा आटला की साहेबांचं डोकं फिरलं कोण जाणे, रूळ काही आले नाहीत. मजूर तिथेच राहिले. कायदाही राहिला: रेल्वेच्या पट्टीत पक्कं बांधकाम करायचं नाही.

वस्तीत पाहुणा आला की म्हातारे विचारायचे, "गाडी वेळेवर होती ना?" आणि आपणच हसत सुटायचे. गवंडी हसत नसे. त्यानं एकदा विटांची भिंत उभारली होती. सिमेंट वाळायच्या आत कचेरीची माणसं येऊन ती पाडून गेली. का, तर म्हणे गाडीला अडेल!

त्याच्या बायकोला दमा होता. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे, म्हणून ती बसूनच रात्र काढायची, आणि पाठीला काय, तर थंडीत ओला होणारा पत्रा. "घर नको हो मला," ती म्हणायची, "पाठ टेकण्यापुरती एक भिंत द्या." दुसऱ्यांच्या भिंती बांधून हात सोलवटलेल्या माणसाला हे ऐकवत नसे.

त्यानं कायद्याचा पिच्छाच पुरवला. काम सुटलं की अंगावरचं सिमेंट न झटकता थेट कचेरीत. तिथला कारकून त्याला लांबून पाहूनच म्हणायचा, "आले रेल्वेमंत्री!" हेलपाटे घालून तो रडकुंडीला आला, तेव्हा कुठे एका वकीलबाईंनी मनावर घेतलं. "मेलेला कायदा आहे," त्या म्हणाल्या, "उचलायला कोणी नाही इतकंच." अर्ज गेला, गवंड्याच्या सहीनं. शेजारच्या म्हातारीनं तेवढं टोकलं होतं.

"गप पडलंय ते पडू दे की. आपल्याला काय करायचंय?"

"मावशी, तुम्हाला नको असेल पक्कं घर. मला हवंय," असं तो फटकन बोलून गेला.

सरकारनं जुने निकामी कायदे एका झटक्यात रद्द केले, त्यात हाही गेला. गवंडी कोणासाठी थांबला नाही. पाया खणून त्यात दगड घातला, भिंत चांगली रुंद धरली, सिमेंटला हात आखडला नाही. लोकांच्या कामावर ठेकेदार वाळूच जास्त घालायला लावायचा. इथे सांगणारं कोणी नव्हतं. भिंत वाळली. बायको तिला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. तो समोर उकिडवा बसून बघत राहिला. इतका सुखी तो स्वतःच्या लग्नातही नव्हता.

मग जमिनीच्या मूळ मालकाचा नातू आला. माणूस सभ्य, आवाजसुद्धा चढवला नाही. "आजोबांनी जमीन रेल्वेसाठी दिली होती. तो कायदा होता तोवर आम्हाला परत मागता येत नव्हती," तो म्हणाला. "आता येते."

गवंडी धावत वकीलबाईंकडे गेला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्या लक्षातच आलं नाही हो," त्या म्हणाल्या. "त्या कायद्याच्या जोरावरच तुम्ही तिथे टिकून होता." कोर्टातही काही चाललं नाही.

वस्तीत त्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर परवडलं असतं. तो नळावर आला की बोलणं थांबायचं. म्हातारी तर त्याच्याकडे पाहीनाशी झाली.

मशीन आलं त्या सकाळी पत्र्याची घरं एकेका धक्क्यात आडवी झाली. गवंड्याची भिंत मात्र हलेना. ड्रायव्हरनं मशीन मागे घेतलं, पुन्हा घातलं, पुन्हा मागे घेतलं. सगळी वस्ती गाठोड्यांवर बसून बघत होती. पड आता, पड एकदाची, गवंडी मनातल्या मनात विनवत होता. आपण बांधलेल्या भिंतीची त्याला उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली. शेवटी ती अखंडच्या अखंड कोसळली.

बायको गाठोड्याला टेकून धापा टाकत होती. धूळ बसल्यावर तिला जरा बोलता आलं.

"चांगली बांधली होतीत हो," ती म्हणाली.

गवंड्यानं चटकन म्हातारीकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं.