रुक्मिणीबाईंची हिरवी गाडी

होटगी रोडवर शिवलिंगप्पांचं घर कुणालाही विचारा, "हिरव्या गाडीवाले का?" असा उलट प्रश्न येतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसगाड्यांच्या पोटाखाली पडून उभी हयात काढलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात. यांनी घरामागं पत्र्याची शेड मारली आणि तिच्यात एक जुनी एमजी आणून उभी केली. दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला पोट टेकतंय की काय अशी बसकी स्पोर्ट्स कार.

ही गाडी सोलापुरात आली ती एका कापडगिरणीतल्या गोऱ्या विव्हिंग मास्तराबरोबर, म्हणजे विणकाम खात्याच्या साहेबाबरोबर. तो मायदेशी परतला तेव्हा रेल्वे लाइन्स भागातल्या एका तरुण डॉक्टरांनी ती विकत घेतली. कागदावर मालक डॉक्टर, पण गाडी चालवली ती त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी. बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा डावा पाय अधू झालेला, मग क्लच दाबणार कसा? डॉक्टरांनी डोकं लढवून दाराच्या बाजूला एक लोखंडी दांडा बसवून घेतला. उजव्या हातानं दांडा ओढला की क्लच दबायचा, डाव्या हातानं गिअर टाकायचा, आणि तेवढा वेळ स्टिअरिंग मांडीनं धरून ठेवायचं. पदर खोचून बाई भर गर्दीत सात रस्ता चौकातून गाडी काढायच्या आणि शेजारी डॉक्टर निवांत बसलेले असायचे.

डॉक्टर गेले आणि गाडी गॅरेजात बसली ती बसलीच. पुण्यामुंबईचे शौकीन येऊन गेले, बाईंनी कुणाला दाद दिली नाही. शिवलिंगप्पांना मात्र गाडी दिली. म्हणाल्या, "तुम्ही गावातले. डोळ्यांसमोर राहील. हवं ते बदला, फक्त हा दांडा काढू नका."

"न्हाय काढत, बाई," शिवलिंगप्पा म्हणाले. तेव्हा ते मनापासून म्हणाले होते.

मग गाडीनं त्यांना झपाटलं. गंजलेला पत्रा कापून नवा घडवला, इंजिन उतरवून पार धुऊन काढलं, मूळचा हिरवा रंग जमेपर्यंत रंगवाल्याला हैराण केलं. अशात पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात एक जाणकार भेटला. तो म्हणाला, "अप्पा, गाडी कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे. वरून जोडलेलं काही दिसलं की परीक्षक तिथंच मार्क कापतात."

शिवलिंगप्पा परत आले आणि दांड्याकडं बघत शेडमध्ये बसून राहिले. पाना हातात घ्यायचे, खाली ठेवायचे. शेवटी एका दुपारी त्यांनी बोल्ट खोलले. दांडा भंगाराच्या ढिगात गेला आणि ढीग भंगारवाल्याच्या हातगाड्यावर. तळाच्या पत्र्यातली भोकं त्यांनी अशी बुजवली, की बोट फिरवूनही कळू नये.

बाईंचा अधूनमधून फोन यायचा. "झाली का हो गाडी?"

"रंग वाळतोय अजून, बाई." कधी म्हणायचे, "एक पार्ट यायचाय." रेल्वे लाइन्सकडं काम निघालं तरी ते बाईंचं घर टाळून लांबचा वळसा घालून जायचे.

पुण्यात गाडीला पहिला नंबर मिळाला. ढाल हातात घेऊन फोटो काढताना त्यांना हसू येईना. तो फोटो पेपरात छापून आला आणि सकाळीच फोन वाजला.

"शिवलिंगप्पा, किती देखणी केलीत हो! रविवारी घेऊन याल? मला आता कुठं यायला जमत नाही."

"आणतो की," ते म्हणाले. फोन ठेवून ते पेपरातला फोटो पुन्हा बघत बसले.

"सांगून टाका की सरळ," त्यांची बायको सिद्धम्मा म्हणाली. "म्हातारं माणूस, चार शब्द बोलंल. ऐकून घ्यायचं."

"बोलल्या तर बरंच हाय गं. न्हाय बोलल्या तर काय करू?"

सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी आठवून आठवून दुसरा दांडा घडवला. नव्या लोखंडाला मिठाचं पाणी लावून गंज चढवला, तो पुन्हा घासला, लाकडी मूठ तेलाच्या हातानं मळवून काळी केली. बुजवलेल्या जागीच ड्रिल लावताना त्यांना स्वतःची शिसारी आली. एवढ्या वर्षांत कुणाच्या गाडीला त्यांनी खोटा पार्ट खरा म्हणून लावला नव्हता.

रविवारी बाई काठी टेकत फाटकाशी येऊन उभ्याच होत्या. गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला. शिवलिंगप्पांनी दार उघडून त्यांना आधार देत स्टिअरिंगपुढं बसवलं. बाईंचा डावा हात गिअरवर गेला आणि उजवा आपोआप दांड्यावर. मूठ मिटली. त्यांनी दांडा एकदा ओढला आणि थांबल्या. हात काढून तळव्याकडं बघत राहिल्या.

"हा आमचा नव्हे," त्या म्हणाल्या.

शिवलिंगप्पांनी उघड्या दाराची कड धरली.

"आमच्या मुठीला खाच पडली होती. माझी अंगठी घासून घासून."

"बाई, म्या काढला तो. नंबरासाठी. भंगारात गेला." त्यांनी दांड्याकडं बोट केलं. "आनि हा आत्ता बनवला. तुमाला कळू नये म्हनून."

बाई समोरच्या काचेतून बघत म्हणाल्या, "काढलात, ते एक वेळ समजू शकते. मोह होतो माणसाला. पण हा कशाला केलात? मला फसवायला एवढी मेहनत?"

"तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हवती, बाई."

"आता आहे?"

शिवलिंगप्पांनी मान हलवली. नाही.

बाई हळूहळू उतरल्या. शिवलिंगप्पांना वाटलं, आता त्या घरात जातील आणि दार लावून घेतील. पण बाई बॉनेटला धरत धरत पलीकडच्या दाराशी गेल्या.

"इकडं बसवा मला. इतकी वर्षं गाडी होती, पण या जागेवर मी कधी बसलेच नाही. डॉक्टर इथं बसून काय बघत असायचे, ते बघू दे."

ते निघाले. सात रस्त्याला लोक थांबून बघत होते. बाईंचं लक्ष लोकांकडं नव्हतं, शिवलिंगप्पांच्या पायांकडं होतं. "क्लच फार लवकर सोडता," त्या म्हणाल्या. "व्हय, बाई," म्हणून ते जपून सोडू लागले. बाईंच्या शाळेजवळ त्यांनी वेग कमी केला, तर बाई म्हणाल्या, "थांबू नका." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि यांनीही माफी मागितली नाही. उतरताना बाईंनी एवढंच विचारलं, "पुढच्या रविवारी याल?"

घरी येऊन शिवलिंगप्पांनी तो दांडा काढून टाकला. भोकं मात्र तशीच ठेवली. पुन्हा बुजवायला हात उचलेना. पुढच्या वर्षी पुण्यात परीक्षकानं वाकून विचारलं, "ही भोकं कसली?" तेव्हा त्यांनी चारचौघांत सगळं सांगितलं. बाईंचा पाय, डॉक्टरांनी केलेली युक्ती, आपण दिलेला शब्द, तो कसा मोडला ते. मार्क गेले, ढाल दुसऱ्याच गाडीला मिळाली. त्यांना मात्र छातीवरचं ओझं जरा हललं असं वाटलं.

रविवारी हे बाईंना सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझ्या पायाचंही सांगितलंत तिथं?"

"व्हय."

"ते तरी मला विचारून सांगायचं होतं, शिवलिंगप्पा."

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते किल्ली हातात घेऊन अंगणात उभे राहिले, खाली मान घालून. मन हलकं करायच्या नादात आपण पुन्हा त्यांचंच काही उचलून दुसऱ्यांपुढं ठेवलं, हे आता त्यांना उमगलं.

बाईंनी काठी गाडीत ठेवली आणि पलीकडच्या आपल्या जागेवर बसल्या. "चला, निघू या. ऊन चढतंय."