काकूंची दिवस मावळल्यानंतरची भूक

पोट हुकमात ठेवणारी बाई अख्ख्या विश्रामबागेत एकच, आमच्या शेजारच्या जैन काकू. दिवस मावळला की त्यांना पाण्याचा घोटसुद्धा वर्ज्य. मी रात्री जेवायला बसलो की खिडकीतून विचारायच्या, "अंधारात पडल्यालं किडं पोटात घालतोस व्हय रं?" आणि घास माझ्या घशात अडकायचा. असल्या बाईला डॉक्टरांनी गोळी दिली, ती नेमकी भूक वाढवणारी.

गोळी मनासाठी होती. त्याआधी काकू कधी उत्साहाच्या भरात पहाटे उठून सगळ्या गल्लीची अंगणं झाडायच्या, तर कधी महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, हाक मारली तरी वळायच्या नाहीत. औषधाच्या दुकानात मात्र दुकानदारानं मोठ्यांदा विचारलं, फिटची गोळी ना? एकच गोळी दोन्हींवर चालते, हे मी सगळ्या रांगेला समजावत बसलो आणि काकू पदर नाकापर्यंत ओढून उभ्या. तेव्हापासून ती गोळी 'पित्ताची' झाली. रात्रीची गोळीही त्यांनी डॉक्टरांशी हुज्जत घालून दिवस मावळायच्या आत करून घेतली. भिंत सुटली, काकू पुन्हा माझ्या जेवणावर बोलू लागल्या. केस तेवढे गळायचे आणि हात थरथरायचा. बशीत कप वाजायला लागला की म्हणायच्या, थंडी लय हाय. तेही भर मे महिन्यात.

एका संध्याकाळी दिवस मावळल्यावर त्यांचं पातेलं परत द्यायला गेलो, तर अंधाऱ्या स्वयंपाकघरात खुडखुड ऐकू आली. उंदीर समजून मी दिवा लावला. एकटीच राहणारी बाई, तरी दिवा न लावता चिवड्याचा डबा धरून उभी होती. हाताच्या थरथरीनं झाकण डब्यावर वाजत होतं. तोंडात घास तसाच. मी दिवा घालवला, पातेलं ठेवलं आणि निघालो. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी गोळी बंद करणार असल्याचं जाहीर केलं. मला ती भिंत आठवली. कसंबसं गाडीवर बसवून त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. तिथं चोरी कबूल करावी तसं त्या म्हणाल्या, "रात्री भूक लागती." डॉक्टर सहज म्हणाले, गोळीनं होतं तसं, तुमचा काही दोष नाही, एकदम सोडू मात्र नका, पुढं हळूहळू बदलून बघू.

मला वाटलं, सुटल्या काकू. परत आल्यावर दारात उतरताना आधारासाठी त्यांनी माझा खांदा धरला.

"भूक गोळीची आसंल रं," त्या म्हणाल्या, "पण डब्याकडं हात माझाच गेला न्हवं?"

ऊन उतरत आलं होतं, आणि दिवस मावळायच्या आत गोळी घ्यायला त्या आत गेल्या.