फ्लॉवरहॉर्नचा किल्ला

बदलापूरच्या माझ्या घरी आज नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास होता. अंबरनाथच्या घरी तो उडून जावा म्हणून बाबा माशाचं पाणी आदल्या दिवशीच बादलीत भरून ठेवत.

बाबा गेल्यावर आईने त्यांचा फ्लॉवरहॉर्न मासा उल्हासनगरच्या दुकानदाराला द्यायचं ठरवलं. तो न्यायला आला, त्या सकाळीही माशाने डोक्याने ढकलून प्लास्टिकचा किल्ला कोपऱ्यात नेला होता. आईने सवयीने टाकीत हात घालून किल्ला मधोमध ठेवला. मासा बोटाला कडकडून चावला.

“मेल्या, तुझ्या बापाचं घर आहे का?” आई ओरडली.

“भाभीजी, निकालूं क्या?” दुकानदाराने जाळी पुढे केली.

बोट पदराला पुसत आई जे म्हणाली, ते तेव्हा मला नुसतं गमतीचं वाटलं: “राहू दे. घरात भांडायला कोणीतरी हवंच.”